घरात वाघ, कागदावर मांजर

मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात एका घराच्या अंगणात वाघ दिसला. गळ्यात पट्टा, वय अगदी कोवळे, आणि समोर पिस्तूल रोखून उभा असलेला एक शेजारी. थोड्या वेळाने एक माणूस आला, वाघाला गाडीत घालून निघून गेला, आणि मग आठवडाभर पोलीस त्या वाघाच्या मागावर होते. शेवटी तो सुखरूप सापडला आणि टेक्सासमधल्याच एका प्राणी-आश्रयस्थानात गेला. त्या वाघाचे नाव होते ‘इंडिया’. ज्या देशाचे नाव त्याला दिले त्या देशात कितीही पैसे मोजले तरी कोणाला वाघ घरी ठेवता येत नाही. टेक्सासमध्ये मात्र त्या वेळी काउंटीकडे नोंदणी करून तो ठेवता येत असे. ह्यूस्टन शहराने आपल्या हद्दीपुरती बंदी घातली होती, म्हणून गुन्हा झाला. शहराची वेस ओलांडली की कायदा बदलतो, हे वाघाला कोण सांगणार?

रानटी मांजरे पाळण्याविषयीचे कायदे देशोदेशी वाचत गेले की पहिल्यांदा गोंधळायला होते. मार्जारकुळात रानटी जातीच सुमारे चाळीस. एका टोकाला दोन-अडीचशे किलोंचा वाघ, दुसऱ्या टोकाला जेमतेम दीड किलोची आपली वाघाटी. त्यातच गेल्या साठ वर्षांत माणसाने घरच्या मांजराशी रानमांजराचा संकर करून नव्या जाती काढल्या. या साऱ्यांना एकच कायदा कसा लावायचा? शिवाय कायदा कशासाठी, यावरही एकमत नाही. ब्रिटन-अमेरिकेला चिंता आहे ती शेजाऱ्याच्या जिवाची. आंतरराष्ट्रीय करार पाहतो तो व्यापार. ऑस्ट्रेलियाला काळजी आहे आपल्या लहानग्या सस्तन प्राण्यांची. भारताचा कायदा विचारतो, की हा प्राणी मुळात कोणाचा? ज्याला ज्याची झळ लागली त्याने त्याचा कायदा केला. ही वाट मोठ्या मांजरांपाशी बरी चालते. संकरित मांजरांपाशी आली की ती कागदांच्या ढिगात हरवते, असे माझे मत आहे. या लेखाचा बराच भाग त्यावरच जाणार आहे.

आधी आपल्या घरचे पाहू. मांजरकुळातले प्राणी बाळगण्याची आपली परंपरा मोठी आहे. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते असे सांगतात. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकडून काळवीट धरण्याचा शौक विसाव्या शतकातही चालू होता आणि चित्तेवानांची घराणी त्यावर पोसली जात. मात्र या शौकात एक खोट होती. चित्ता कैदेत सहसा वीत नाही. जहांगीराच्या काळात पाळीव चित्त्याला पिल्ले झाल्याची एक नोंद आहे आणि ती नवलाची म्हणूनच झाली. म्हणजे दरबारातला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. रानातले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. पुढे देशातला चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. त्याला शिकार आणि माळराने मोडणे कारणीभूत होतेच, पण पाळण्याच्या हौसेचा वाटाही लहान नव्हता.

संस्थानिकांनंतर वाघ-सिंह राहिले सर्कशीत. इथे तर मराठी माणसाचेच नाव पहिले. विष्णुपंत छत्र्यांनी देशी सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या तंबूत वाघ-बिबट्यांचे खेळ करून जगभर गाजले आणि त्यांच्या ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या आत्मकथनावर मराठी मुलांची एक पिढी वाढली. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर आणि त्यासाठी त्यांना शिकवण्यावर बंदी आली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयात हरले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. तंबूंतले वाघ-सिंह मग चंडीगडजवळचे छतबीर, बंगळूरजवळचे बन्नेरघट्टा अशा ठिकाणच्या बचाव केंद्रांत गेले. त्यातले कितीतरी सिंह आशियाई आणि आफ्रिकी यांच्या संकरातले होते. त्यांची वीण वाढू नये म्हणून त्यांना तिथेच मरेपर्यंत सांभाळायचे, एवढेच हाती उरले. संकर करायला हौस पुरते, निस्तरायला पिढी जाते.

मूळ कायदा अर्थातच १९७२ चा, वन्यजीव संरक्षण अधिनियम. वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या, स्याहगोश, वाघाटी, बिबट-मांजर आणि मासेमार मांजर हे सगळे अनुसूची एकमध्ये आहेत. या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणे नव्हे. पकडणे, सापळा लावणे, हुसकावणे आणि तसा प्रयत्न करणेही त्यात येते. अनुसूची एकच्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद. २०२२ च्या दुरुस्तीने कमीत कमी दंड पंचवीस हजारांवर नेला. त्याहून महत्त्वाचे कलम ३९ आहे. त्यानुसार असा प्राणी, त्याचे पिल्लू, त्याचे कातडे, सारे सरकारच्या मालकीचे. कोणाच्या ताब्यात तो कसाही आला तरी अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे.

मग कोणी विचारेल, नांदणीच्या मठात महादेवी हत्तीण इतकी वर्षे कशी राहिली? २०२५ मध्ये ती न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी-केंद्राकडे गेली तेव्हा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला, हे ताजेच आहे. हत्तीही अनुसूची एकमधलाच. फरक असा, की पाळीव हत्तींना कायद्याने मालकी प्रमाणपत्राची वेगळी वाट ठेवली आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीत धार्मिक कारणासाठी हत्तीच्या हस्तांतरालाही सोय आहे. मांजरकुळाला तशी सवलत नाही. कायदा येण्यापूर्वीपासून ज्यांच्याकडे प्राणी होते त्यांना नोंद करण्याची शेवटची मुदत २००३ मध्ये मिळाली, १८० दिवसांची. ती संपली. आता नवा बिबट्या कोणाच्या नावावर होत नाही. भामरागडच्या रानात हेमलकसा इथे डॉ. प्रकाश आमट्यांकडे वाढलेले बिबटे मराठी वाचकाला विलास मनोहरांच्या ‘नेगल’मुळे घरचे वाटतात. मात्र ते अनाथालय केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेखाली चालते. प्रकाशभाऊंनी बिबट्याला कुरवाळलेले छायाचित्र हा कोणासाठी परवाना नव्हे. फार हौस असेल तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दत्तक योजना आहे. वर्षाचा खर्च भरा आणि प्राणी राहील तिथेच. केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी असाच एक बिबट्या दत्तक घेतला होता.

महाराष्ट्रात हा कायदा खरा गाठतो तो धनिकाला नव्हे, ऊसतोड कामगाराला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाड या पट्ट्यात बिबट्याची मादी उसाच्या फडात विते. तोडणी सुरू झाली की मांजराएवढे बछडे सापडतात. कधी ते बछडे बिबट्याचे निघतात, कधी रानमांजराची किंवा वाघाटीची पिल्ले. अंगावर ठिपके दिसले की गावात हाकाटी होते, ‘बिबट्या, बिबट्या!’ मग मोबाइल निघतात, पिल्लू हातोहात फिरते आणि एखादा दयाळू माणूस ते घरी नेऊन बाटलीने गाईचे दूध पाजतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण आई बहुधा जवळपासच असते. वनखाते आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसे पिल्लू तपासून रात्री त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि पुष्कळदा मादी येऊन पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. दोन-चार दिवस घरात राहिलेल्या पिल्लाची ही संधी हुकते. मग उरलेले सारे आयुष्य पिंजऱ्यात.

आता परदेशांकडे. लंडनच्या हॅरॉड्स या दुकानात १९६९ मध्ये सिंहाचा छावा चक्क विकायला होता. दोन ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो घेतला, ख्रिश्चन असे नाव ठेवले आणि चेल्सीतल्या एका फर्निचरच्या दुकानात वाढवला. पुढे जॉर्ज ॲडमसनच्या हाती केनियात त्याला रानात सोडले आणि वर्षभरानंतरच्या भेटीत त्याने जुन्या मालकांना मारलेल्या मिठीची चित्रफीत आजही लोक डोळे पुसत पाहतात. चित्रफितीत येत नाही ते असे, की त्या काळात ब्रिटनमध्ये अशी प्रकरणे इतकी वाढली होती की संसदेला १९७६ मध्ये धोकादायक वन्य प्राणी कायदा करावा लागला. त्यात बंदी नाही, परवाना आहे. स्थानिक प्रशासनाकडे अर्ज करायचा, पशुवैद्य जागा पाहून जाणार, विमा काढायचा, शुल्क भरायचे. कायदा आला तेव्हा काहींनी प्राणी रातोरात माळावर सोडून दिले असे सांगतात, आणि कॉर्नवॉलच्या बॉडमिन माळावर काळा बिबट्या दिसल्याच्या कहाण्यांची मुळे लोक तिथेच शोधतात. सरकारने त्या कहाण्यांचा तपास केला, हाती काही लागले नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर २०११ मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिल गावाबाहेर एका माणसाने आपल्या खासगी संग्रहातल्या ५६ पैकी पन्नास प्राणी पिंजऱ्यांतून सोडले आणि स्वतःला गोळी घातली. अंधार पडत होता, शाळा-महामार्ग जवळ होते. पोलिसांनी बहुतेक प्राण्यांना गोळ्या घातल्या. त्यात अठरा वाघ आणि सतरा सिंह होते. एका संध्याकाळी अठरा वाघ! आपल्याकडच्या एखाद्या छोट्या व्याघ्र प्रकल्पाची सारी जमा. त्यानंतर ओहायोने कडक कायदा केला. पण राज्याराज्यांत फरक उरलाच, आणि ‘टायगर किंग’ या मालिकेने २०२० मध्ये टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाला तो सगळा तमाशा दाखवला. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी मोठ्या मांजरांचा सार्वजनिक सुरक्षा कायदा मंजूर केला. सिंह, वाघ, बिबट्या, हिमबिबट्या, लामचित्ता, जग्वार, चित्ता आणि प्यूमा, तसेच यांच्यातले आपापसांतले संकर, हे खासगी माणसाने नव्याने घेणे बंद. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांनी जून २०२३ पर्यंत नोंद करायची आणि पुढे वीण करायची नाही. छाव्यासोबत छायाचित्र काढून पैसे घेण्याचा धंदाही त्यातच आटोपला.

या यादीत आफ्रिकेतले सर्व्हल मांजर नाही, स्याहगोश नाही. मधल्या आकाराची मांजरे केंद्रीय कायद्याने राज्यांवर सोडून दिली. त्याचा नमुना २०२३ मध्ये सिनसिनाटीत दिसला. पोलिसांनी एक गाडी अडवली, तीतून ठिपक्यांचे एक उंच मांजर उडी मारून झाडावर गेले. बिबट्या असावा असे आधी वाटले. निघाला सर्व्हल, आणि तपासणीत त्याच्या रक्तात कोकेन सापडले. ओहायोत सर्व्हल ठेवायला बंदी आहे, म्हणून तो सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेला.

आखाती देशांत कथा आणखी वेगळी. श्रीमंतीची खूण म्हणून मोटारीत चित्ता बसवण्याची फॅशन तिथे इतकी वाढली की संयुक्त अरब अमिरातींनी २०१६ मध्ये केंद्रीय कायदा करून खासगी व्यक्तींना हिंस्र प्राणी बाळगायला मनाई केली. दुबई-शारजात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे, की असा प्राणी रस्त्यावर फिरवायला नेणाऱ्याला कैद आणि दहा हजारांपासून पाच लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मागणी पुरी करणारी वाट सोमालीलँडमधून जाते. तिथून वर्षाला तीनशेच्या आसपास चित्त्याची पिल्ले बाहेर जात असावीत असा चित्ता संवर्धन निधी या संस्थेचा अंदाज आहे, आणि त्यातली बरीच वाटेतच मरतात. कोल्हापूरच्या चित्तेखान्यात जे झाले तेच इथे समुद्रापलीकडे चालू आहे. पाळायचे म्हणून रान रिकामे करायचे.

पाकिस्तानात जुलै २०२५ मध्ये लाहोरच्या एका घरातला सिंह भिंत ओलांडून रस्त्यावर आला आणि त्याने एका बाईला आणि दोन मुलांना जखमी केले. मग पंजाब प्रांतभर छापे पडले. तिथे सिंह ठेवायला बंदी नव्हती, परवाना लागत होता. कंबोडियात २०२१ मध्ये नॉम पेन्हच्या बंगल्यातून जप्त केलेला सिंह लोकांनी समाजमाध्यमांवर गलका केल्यावर खुद्द पंतप्रधानांच्या सांगण्यावरून मालकाला परत मिळाला. कायदा असणे आणि तो टिकणे यांतले अंतर याहून स्पष्ट दिसायला नको.

इथवर प्रश्न तसा सरळ आहे. वाघ तो वाघ. कोणीही पाहून सांगेल. खरी अडचण संकरित मांजरांची.

बेंगॉल ही त्यांतली सर्वांत पसरलेली जात. आशियातल्या बिबट-मांजराचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि ईशान्येत सापडणाऱ्या त्याच ठिपकेदार प्राण्याचा, घरच्या मांजराशी संकर करून अमेरिकेत जीन मिल यांनी १९६३ मध्ये पहिले पिल्लू मिळवले. पुढे ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांच्या प्रयोगशाळेतली संकरित मांजरे त्यांना मिळाली. बिबट-मांजराला मांजरांचा ल्युकेमिया होत नसावा असे वाटून तो अभ्यास चालला होता. या जातीच्या रक्तात दिल्लीचाही वाटा आहे. १९८२ मध्ये मिलबाई भारतात आल्या तेव्हा दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारे एक झगझगीत तांबूस, ठिपक्यांचे भटके मांजर त्यांच्या नजरेस पडले. ते त्यांनी अमेरिकेला नेले, आणि आजच्या बेंगॉलच्या केसांची सोनेरी चमक त्याच्याकडून आली असे ही जात वाढवणारे मानतात. आज पुण्या-मुंबईच्या प्राणी-प्रदर्शनांत ‘इम्पोर्टेड बेंगॉल’ म्हणून ऐट मिरवणाऱ्या मांजराचा एक पूर्वज दिल्लीचा रस्त्यावरचा बोका असावा, ही गंमतच.

सव्हाना ही दुसरी जात. आफ्रिकेच्या सर्व्हलचा आणि सयामी मांजरीचा संकर पेनसिल्व्हेनियात १९८६ मध्ये झाला. सर्व्हल लांब तंगड्यांचा, मोठ्या कानांचा, उभ्या उभ्या दोन मीटर झेप घेऊन पक्षी धरणारा. मांजरीची गर्भावस्था सुमारे त्रेसष्ट-पासष्ट दिवसांची, सर्व्हलची त्याहून दहाएक दिवसांनी लांब. त्यामुळे पहिल्या पिढीची पिल्ले अपुऱ्या दिवसांची जन्मतात, कितीतरी जगत नाहीत. पहिल्या तीन-चार पिढ्यांतले नर वांझ असतात. रानमांजरापासून काढलेली चौसी ही तिसरी. या जाती कोणत्या पिढीच्या आहेत ते ‘एफ’ या अक्षराने दाखवतात. एका बाजूला रानटी आई किंवा बाप असेल ते पिल्लू एफ-१, त्याचे पिल्लू एफ-२, असे खाली. किंमत वर चढते ती याच आकड्यावर, आणि कायदाही याच आकड्यावर बेतलेला आहे.

धोक्यातल्या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, म्हणजे साइट्स, १९७५ पासून लागू आहे आणि भारत त्यात १९७६ पासून आहे. त्याच्या परिशिष्ट दोनमध्ये घरचे मांजर वगळता सारे मार्जारकुळ येते. ज्यांना जास्त धोका ते परिशिष्ट एकमध्ये. भारतातली बिबट-मांजरे आणि वाघाटी परिशिष्ट एकमध्ये. संकराबद्दल कराराचा नियम असा, की मागच्या चार पिढ्यांत परिशिष्टातला पूर्वज असेल तर तो संकरित प्राणीही वन्य धरायचा आणि सीमा ओलांडताना परवाने मागायचे. पाचव्या पिढीपासून ते घरचे मांजर. ब्रिटनने आपल्या धोकादायक प्राणी कायद्याचे परिशिष्ट २००७ मध्ये बदलले तेव्हा फक्त एफ-१ ला परवाना ठेवला. एफ-२ पासून मोकळे. न्यूयॉर्क राज्यात रानटी पूर्वजापासून किमान पाच पिढ्या दूर असलेले आणि मान्य संस्थेत नोंदलेले चालते. न्यूयॉर्क शहरात मात्र कोणतीही पिढी चालत नाही. जॉर्जिया आणि हवाई या राज्यांत संकरित मांजरांना दार बंदच. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये सव्हाना मांजरे आणण्याचा बेत झाला तेव्हा पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी आयातीवर बंदी घातली. आधीच मोकाट मांजरांनी तिथल्या लहान सस्तन प्राण्यांचा फडशा पाडला आहे, त्यात झेप घेणारे मोठे मांजर रानात सुटले तर काय उरेल, हा त्यामागचा सवाल होता. मला ही बंदी सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण तिने पिढी मोजलीच नाही.

पिढी मोजणे का फसवे? पहिले म्हणजे एफ-३ आणि एफ-५ शेजारी बसवले तर पाहून फरक सांगता येत नाही. सांगतो तो वंशावळीचा कागद, आणि तो कागद विकणाऱ्याच्या हातचा. आकडा रानटी पूर्वज किती मागे आहे ते सांगतो. रक्तात रानाचा वाटा किती ते नेमके सांगत नाही. मधल्या एका पिढीत दोन्ही बाजूंनी संकरित मांजरे जुळवली की वाटा तसाच राहतो आणि आकडा मात्र वाढतो. स्वभाव तर त्यावरून मुळीच सांगता येत नाही. काही एफ-५ अगदी मऊ, काही घरभर मूत्राने हद्द आखणारी. दुसरे असे, की अमेरिकेत संकरित मांजरांसाठी मान्यता असलेली रेबीजची लस नाही. लस टोचलेली असली तरी कायद्याच्या लेखी ती टोचलेली धरत नाहीत. चावल्याची तक्रार झाली तर मेंदूच्या तपासणीसाठी मांजर मारण्याचा आदेश येऊ शकतो. रेबीजने रोज माणसे मरणाऱ्या आपल्या देशात या मुद्द्यावर कोणी फारसे बोलत नाही.

संकर एकदा रानात शिरला की मागे घेता येत नाही, याचे उदाहरण घरचेच आहे. बिली अर्जनसिंग यांनी १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा नावाची वाघिणीची बछडी आणून दुधवाजवळच्या आपल्या घरी वाढवली आणि १९७८ मध्ये रानात सोडली. मोठे धाडस, मोठे प्रेम. ताराच्या वंशात सायबेरियन वाघाचे रक्त होते असे पुढे निघाले, आणि दुधवाच्या वाघांत त्याचे अंश सापडले. स्कॉटलंडमध्ये उलटे झाले. घरच्या मांजरांशी संकर होत होत तिथल्या रानमांजरांचे रक्त इतके पातळ झाले की २०१९ च्या अहवालाने स्वतःच्या बळावर टिकेल अशी त्यांची संख्या उरली नसल्याचे म्हटले. आपल्या प्राणिसंग्रहालयांच्या नियमांत जाती-उपजातींचा संकर करायला मनाई आहे ती उगीच नव्हे. कोलकात्याच्या अलिपूर संग्रहालयात सत्तरच्या दशकात वाघ-सिंहाच्या संकरातून ‘लिटिगॉन’ काढले आणि गर्दी खेचली. त्याने ना वाघ वाढला, ना सिंह.

मग भारतात बेंगॉल किंवा सव्हाना पाळणे कायदेशीर आहे का? सरळ उत्तर देणे अवघड आहे. आपल्या कायद्यात संकरित मांजरांसाठी पिढीचा आकडा लिहिलेला नाही. बरीच वर्षे विदेशी प्राणी हा प्रांतच कायद्याबाहेर होता. सीमेवर पकडला तर सीमाशुल्काचा गुन्हा, आत आला की विचारणारे कोणी नाही. जून २०२० मध्ये केंद्राने स्वतःहून माहिती देण्याची सहा महिन्यांची योजना आणली आणि माहिती देणाऱ्याला कागदपत्रे मागणार नाही असे सांगितले. म्हणजे आणलेले कसे आणले ते विचारायचे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्सच्या परिशिष्टांतल्या जातींसाठी वेगळी अनुसूची चार तयार केली. तिच्यातला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने नोंद करायची, पिल्ले झाली तर कळवायचे, आणि परिशिष्ट एकच्या जातींची वीण करायची तर परवाना घ्यायचा. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी परिवेश या पोर्टलवर सहा महिन्यांत ही नोंद करण्याचा आदेश दिला. जी जात अनुसूची एकमध्येही आहे आणि चारमध्येही, तिला एकचे कडक नियम. त्यामुळे स्याहगोश आणि बिबट-मांजर कोणत्याही वाटेने घरी येऊ शकत नाहीत. आफ्रिकेचा सर्व्हल मात्र नोंदणीच्या वाटेत येतो. आणि त्यापासून झालेले सव्हाना? पहिल्या चार पिढ्यांचे असेल तर आणताना साइट्सचे कागद हवेतच. पाचव्या पिढीपासून कागद सांगेल ते.

अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून कायमचे परतणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे नीट वाचावे. सामानासोबत दोन पाळीव प्राणी आणण्याची सवलत घरच्या कुत्र्या-मांजरांसाठी आहे. आपले बेंगॉल पाचव्या पिढीच्या पुढचे आहे हे दाखवणारी नोंदणी संस्थेची वंशावळ आणि पशुवैद्याची प्रमाणपत्रे जवळ नसतील तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याकडे तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायला काही कारण नाही.

माझ्या मते आपल्याला पिढ्या मोजणारा आणखी एक नियम नको. बेल्जियमने २००१ मध्ये वेगळा मार्ग धरला. काय पाळू नये याची यादी करण्याऐवजी काय पाळता येईल एवढ्यांची यादी केली. बाकी सारे बंद, हवे असेल तर का चालेल ते तुम्ही सिद्ध करा. प्राणी विकणाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली, पण २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठराविक अटींवर अशी यादी चालेल असे सांगितले. नेदरलँड्सने जुलै २०२४ पासून सस्तन प्राण्यांसाठी तीच पद्धत आणली आणि तीत तीसच जाती ठेवल्या. सर्व्हल त्यात नाही. अशा यादीचा फायदा हा, की सिद्ध करण्याचे ओझे वनरक्षकाच्या खांद्यावरून हौशी माणसाच्या खांद्यावर जाते. आपल्याकडे आज ओझे उलट आहे. परिवेशवरची नोंद प्राणी कुठून आला ते लिहून घेते. तो पाळावा का, हा प्रश्न ती विचारत नाही. मांजरकुळापुरते तरी घरचे मांजर सोडून बाकी काही पाळता येणार नाही, संकर कितव्याही पिढीचा असो त्याची वीण आणि विक्री बंद, आज ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदवून, नसबंदी करून शेवटपर्यंत सांभाळावीत, एवढे दोन ओळींचे कलम पुरेल. यात बेंगॉलवाल्यांवर थोडा अन्याय होईल हे मला मान्य आहे. पाचव्या-सहाव्या पिढीचे बेंगॉल बहुतेक वेळा साधे मांजरच असते. पण ठिपक्यांची हौस रस्त्यावर फिरणाऱ्या आपल्या मांजरांतही भागते, आणि गेंड्याच्या आवारातल्या बोक्याने ते दाखवून दिलेच आहे.

तोवर कायदा आहे तो असा. उसाच्या फडात, विहिरीच्या काठाशी किंवा माळ्यावर ठिपक्यांचे पिल्लू दिसले तर उचलू नका, दूध पाजू नका, गर्दी करू नका. तोडणी त्या तुकड्यापुरती थांबवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि कोणी ठिपकेवाले मांजर विकायला आले तर किमतीआधी वंशावळ, नोंदणी आणि आयातीचे कागद मागा. ते मिळाले नाहीत तर मांजर घेऊ नका.